स्वयंपाकघरातली शटर आणि दारं-चौकटी रंगवणं : ब्रश, रोलर की स्प्रे? रंग कोणता?

पूर्वेची_खिडकी

घर पुण्यात. काम खालीलप्रमाणे आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

१. ओट्याखालची आणि वरची मिळून १४ शटर. प्लायवर चकचकीत सनमायका, कडांना पीव्हीसीची पट्टी. सनमायका कुठेही सुटलेली नाही. चिमणीच्या दोन्ही बाजूंच्या शटरांवर तेलाचा पिवळा चिकट थर आहे.
२. ४ शटर एमडीएफची (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड), वर पीव्हीसीची फिल्म. शेगडीजवळच्या दोन शटरांची फिल्म कोपऱ्यात सुटली आहे.
३. एक सागवानी पॅनेलचं दार आणि चौकट. मूळ पॉलिश होतं, नंतर कधीतरी त्यावर तपकिरी रंग मारला आहे. दार २००० च्याही आधीचं.

शटर फिकट रंगात आणि मंद चमकेची हवीत. सनमायकावर रंग टिकतो का? ब्रश, रोलर की स्प्रे? आणि रंग साधारण किती लागेल?

रंधापटाशी

तुमच्याकडे तीन वेगळे पृष्ठभाग आहेत आणि तिघांची तयारी वेगळी. एकच डबा आणून तिन्हीकडे फिरवला तर दोन ठिकाणी निघून येईल. ब्रश की स्प्रे हे नंतर ठरवू. खाली काय आहे हे आधी कळायला हवं.

दाराच्या वरच्या कडेला, जिथे नजर जात नाही तिथे, हे करून बघा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मिनिटभर दाबून धरा. थर मऊ होऊन चिकटायला लागला तर ते लाखेचं म्हणजे फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर शेजारच्या जागी दुसरा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा धरा. थर विरघळून कापसाला रंग आला तर एनसी लॅकर. थर सुरकुतून साय धरल्यासारखा वर उचलला गेला तर साधा ऑइलपेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. काहीच फरक पडला नाही तर दोन भागांचं (बेसमध्ये हार्डनर मिसळून लावायचं) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, किंवा मेलामाईन. तुमच्या दारावर थर दोन आहेत, म्हणून वरचा थोडा खरवडून खालच्याचीही हीच परीक्षा घ्या.

यावरून पुढचं ठरतं. जुन्या इनॅमलवर एनसी किंवा पीयू कधीही मारू नये. त्यांच्या थिनरला जोर असतो, तो खालचा इनॅमल उचलतो आणि सगळ्या दारावर सुरकुत्या उठतात. मग घासून लाकूड उघडं करण्यावाचून इलाज राहत नाही. उलट बाजूने चालतं : घट्ट बसलेल्या जुन्या पीयूवर घासून इनॅमल देता येतो.

थिनरचा बोळा शटरांच्या पीव्हीसी पट्टीवर नेऊ नका. पट्टी फुगते.

तेलपाणी

सनमायकावर रंग टिकतो. तो निघतो तेव्हा नव्वद टक्के वेळा कारण फोडणीचं तेल असतं, रंग नव्हे. त्यामुळे धुण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

घासण्याआधी धुवायचं. हा क्रम उलटा झाला की घासायचा कागद (सँडपेपर) तेलाला ओरखड्यांत दाबून भरतो, आणि ते नंतर कितीही पुसलं तरी निघत नाही.

१ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, कपड्यांचा. हातमोजे घाला, सोडा कातडी कोरडी पाडतो. फडका पिळून शटरवर खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या कोरड्या तेलावर सुकतात आणि डाग राहतात. पाच मिनिटं मुरू द्या, मग भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने गोल फिरवत घासा. हँडलच्या भोवती आणि शटरच्या वरच्या कडेवर सगळ्यात जाड थर असतो. वरच्या कडेवर तर तेल आणि धूळ मिळून राळेसारखं होतं, ते आधी प्लास्टिकच्या पत्तीने खरवडून घ्या. पाणी दोनदा बदला. शेवटी साध्या पाण्याचे दोन फडके, कारण सोडा राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही.

आता परीक्षा. ओल्या हाताने शटरवर पाणी शिंपडा. पाणी पसरून सलग पापुद्रा झाला तर तेल गेलं. थेंब गोल होऊन अळवाच्या पानावर धरतात तसे धरले तर अजून तेल आहे, पुन्हा धुवा. चिमणीशेजारच्या शटरांना सहसा तीनदा धुवावं लागतं.

फर्निचर चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे कधी वापरला असेल तर ते वेगळं प्रकरण. सोड्याने सिलिकॉन जात नाही. मिनरल टर्पेंटाईनने पुसायचं, दर वेळी फडक्याची नवी घडी घ्यायची, नाहीतर तेच सिलिकॉन सगळीकडे पसरतं.

पूर्वेची_खिडकी

सिलिकॉनचा स्प्रे वापरलेला नाही. एक शंका : काही प्रायमरच्या डब्यावर ‘घासायची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं. मग घासायचं का?

वॉटरपेपर

घासायचं. डब्यावरचं वाक्य कोऱ्या स्वच्छ सनमायकासाठी असतं. हात, वाफ आणि पाणी रोज लागणाऱ्या शटरसाठी त्यावर विसंबू नये.

नंबर जितका लहान तितका कागद भरड. चकचकीत सनमायकासाठी १८० किंवा २२०. चमक पूर्ण जाऊन सगळीकडे सारखा दुधी मॅट रंग दिसला पाहिजे. शटर खिडकीशी तिरकं धरून बघा. कुठे चकाकणारा ठिपका दिसला की तिथे रंग धरणार नाही. १२० घेऊ नका, त्याचे ओरखडे दोन हातांनंतरही दिसतात. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरा. बोटांनी घासलं की बोटांच्या जागी खड्डे पडतात आणि कडा जास्त घासल्या जातात. सनमायकाची नक्षीची पातळी अगदी पातळ असते. खालचा तपकिरी कागद दिसायला लागला तर तिथेच थांबा.

घासल्यावर धूळ ब्रशने झाडा, मग किंचित ओल्या फडक्याने पुसा. यानंतर त्या शटरला उघडा हात लावायचा नाही.

प्रायमर : हार्डवेअरच्या दुकानात ‘वुड प्रायमर’ मागितलं की पांढरा ऑइल प्रायमर मिळतो. तो उघड्या लाकडासाठी आहे, लाकडात शिरून पकड घेतो. सनमायकात शिरायला जागाच नाही. महिन्याभरात नखाने उचलला तर सोलून येतो. सनमायकाला दोन भागांचा इपॉक्सी किंवा पीयू प्रायमर, नाहीतर पाण्याचा बाँडिंग प्रायमर हवा. डब्यावर लॅमिनेट (म्हणजे सनमायका) किंवा काच-टाइल्स असा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे, तो इथे आणू नका.

आधी एकाच शटरच्या मागच्या कोपऱ्यात प्रायमर द्या. चोवीस तासांनी ब्लेडने फुलीसारखा छेद घ्या, त्यावर मास्किंग टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंगाचे तुकडे आले तर पुढे जाऊ नका. तेल राहिलं आहे, किंवा घासणं कमी पडलं आहे, किंवा प्रायमर चुकला आहे. १८ शटर खरवडण्यापेक्षा हा एक दिवस परवडतो.

रंधापटाशी

एमडीएफच्या चार शटरांबद्दल. पीव्हीसी फिल्मवर थेट रंगवू नका. फिल्म मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर असतो, तो हळूहळू वर येऊन रंगाला चिकट करतो. शिवाय शेगडीच्या धगीने फिल्म आणखी सुटणार, आणि रंग तिच्यासोबत जाणार.

सुटलेल्या कोपऱ्यापासून हीट गन मंद ठेवून तापवत जा आणि फिल्म स्वतःवरच दुमडून कमी कोनात ओढा. सरळ वर खेचली की एमडीएफचे तंतू उपटून येतात. फिल्म धूर टाकू लागली तर तापमान फार झालं. फिल्म गेल्यावर गोंदाचा पातळ थर राहतो, तो १८० ने घासून काढा.

आता एमडीएफ उघडं आहे, तेव्हा पाणी बंद. ओलं घासणं नाही, ओला फडकाही नाही. सपाट भाग फारसा त्रास देत नाही. कडा आणि नक्षीच्या खाचा मात्र ब्लॉटिंग पेपरसारख्या रंग पितात. त्यांना आधी पीयू सीलरचे किंवा स्पिरिटमधल्या लाखेचे दोन हात, प्रत्येक हातानंतर ३२० ने घासून. बोट फिरवल्यावर कड काचेसारखी लागली की मग प्रायमर. फुगलेली कड घासून बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेलं एमडीएफ पुन्हा दाबलं जात नाही, ते शटर बदलायचं.

हवा_दाब

रंग कसा मारायचा याबद्दल. मंद चमकेचं, रेघ नसलेलं काम हवं असेल तर दोन भागांचं पीयू आणि स्प्रे याला पर्याय नाही. कारखान्यातून आलेल्या शटरसारखं दिसतं, आणि पीयूचा थर हळद, तेल, डाग यांना इनॅमलपेक्षा खूप चांगला टिकतो.

गनचा नोझल वरच्या हातासाठी १.३ किंवा १.४ मि.मी., प्रायमरसाठी १.७ किंवा १.८. बेस, हार्डनर आणि थिनर यांचं प्रमाण त्या डब्यावर लिहिलेलंच घ्या. एका कंपनीचा बेस आणि दुसऱ्याचा हार्डनर जमत नाही. थिनर पीयूचाच. एनसी थिनर स्वस्त म्हणून घालतात, त्यातलं अल्कोहोल हार्डनरशी जुळतं आणि रंग कडक होत नाही. मिसळल्यावर दहा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या कापडातून गाळा. रंगाचा पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला बी-४ फोर्ड कप असेल तर रंगाने भरलेला कप १८ ते २२ सेकंदांत रिकामा व्हावा.

शटरपासून गन १५ ते २० सें.मी. मनगट न वळवता हात समांतर न्यायचा, कारण कमानीत फिरवलं की मध्ये जाड आणि टोकांना पातळ बसतं. शटरच्या कडेबाहेर ट्रिगर दाबायचा, दुसऱ्या कडेबाहेर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्या पट्ट्यावर चढला पाहिजे. दोन ओले हात, मध्ये साधारण वीस-तीस मिनिटं. संत्र्याच्या सालीसारखं उठलं तर रंग घट्ट आहे, किंवा दाब कमी आहे, किंवा गन लांब आहे. ओघळ आले तर गन जवळ आहे किंवा हात हळू चालतो आहे.

हार्डनरच्या डब्याचं झाकण लगेच घट्ट लावा. हवेतल्या ओलाव्याने तो दुधी होतो. असा हार्डनर घातला की थरात बुडबुडे येतात.

चार_इंची

@हवा_दाब, लिहिलंय ते सगळं बरोबर, पण त्यातलं बरंच वर्कशॉपमध्ये जमतं. राहत्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कंप्रेसर लावून पीयू उडवायचा सल्ला मी देणार नाही. स्प्रेचा धुरळा पंख्याच्या पात्यांपासून पुस्तकांपर्यंत बसतो, आणि रंगाचा मोठा भाग शटरवर न जाता हवेत जातो. घरी हाताने काम करायचं असेल तर चार इंची रोलर घ्या. नीट फिरवला तर दोन हात लांबून रोलरचं काम ओळखू येत नाही.

रोलर दाट फोमचा किंवा ४ मि.मी. केसांचा मायक्रोफायबर. भिंतीचा जाड लोकरी रोलर घेतला तर दाणे उठतात. नवा रोलर आधी मास्किंग टेपवर फिरवून सुटे तंतू काढा. ब्रश ऑइलच्या रंगाला नैसर्गिक केसांचा, पाण्याच्या रंगाला नायलॉनचा. डुकराचे केस पाणी पितात आणि ब्रश लुळा पडतो. नवा ब्रश तळहातावर आपटून, धुऊन, वाळवून मग वापरा, नाहीतर पहिल्या हातात दहा केस अडकतात.

पद्धत : शटर आडवं, चार बाटल्यांच्या झाकणांवर ठेवलेलं. कडा आधी ब्रशने. मग रोलर ट्रेमध्ये अर्धा बुडवून उतारावर तीन-चारदा फिरवा, रोलरच्या टोकांना थेंब नको. शटरचा एक तृतीयांश भाग भरा, मग पुढचा. सगळं भरल्यावर रिकाम्या रोलरने, फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीच्या दिशेने एकदाच न्या. इथे हात थांबवायचा. पाच मिनिटांनी एखादा ठिपका खुपतो म्हणून परत ब्रश लावला की रंगाची साय फाटते आणि तिथे कायमचा ओरखडा राहतो. तो ठिपका उद्या ४०० ने घासून जातो.

उन्हाळ्यात रंग ओढायला लागला तर इनॅमलमध्ये ५ टक्के मिनरल टर्पेंटाईन. त्याहून जास्त नको, झाकणशक्ती जाते. पंखा बंद, फरशीवर आधी पाण्याचा हात. धूळ बसायला पंधरा मिनिटं द्या, मग डबा उघडा.

हवा_दाब

मान्य, राहत्या घरात स्प्रे नको. माझं म्हणणं शटर काढून वर्कशॉपमध्ये नेण्याचं होतं. शटर बिजागरीवरून दहा मिनिटांत उतरतात, न्यायला अवघड नाहीत. ओट्याच्या दर्शनी चौकटीला मात्र घरीच रोलर, आणि मग दोघांचा पोत वेगळा दिसू शकतो. हा मुद्दा मी आधी लिहायला हवा होता.

श्वास_मोकळा

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास नाकाला फार झोंबत नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. तसं नाही. एकदा शरीराने त्याची अ‍ॅलर्जी धरली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दमा उठतो, आणि ही अ‍ॅलर्जी पुन्हा जात नाही. कापडी किंवा कागदी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला रबरी मास्क हवा, दाढीमुळे फट राहू नये, हातमोजे आणि चष्मा हवा. बंद खोलीत स्प्रे करायचा तर हाही पुरेसा नाही, तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. कारागिराला हे सगळं तुम्ही आणून द्या. तो मागणार नाही.

आणि आग. थिनरची वाफ जमिनीलगत सरकते. स्वयंपाकघरात काम चाललं असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. देवघर तिथेच असेल तर निरांजन आणि उदबत्तीही त्या दिवशी दुसरीकडे. अळशीच्या उकळलेल्या तेलाने, म्हणजे बेलतेलाने, पुसलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेला फडका आपोआप पेटू शकतो. उघडा पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पूर्वेची_खिडकी

पीयूचा विचार मग सोडतो. पाण्याचा रंग आणि रोलर असं ठरवतो आहे. इनॅमल फिक्या रंगात पिवळा पडतो असं ऐकलं, खरं का?

वॉटरपेपर

खरं. अल्किड इनॅमल, म्हणजे वर आलेला साधा ऑइलपेंट, उजेड नसला की पिवळा पडतो. शटरची आतली बाजू आधी पिवळी, दर्शनी बाजू नंतर. गडद रंगात कळत नाही, पांढऱ्यात आणि फिक्या करड्यात लगेच कळतं. पाण्याचा अ‍ॅक्रिलिक किंवा पाण्याचं पीयू हे पिवळं पडत नाही. तुमची निवड योग्य आहे. फक्त भिंतीचा इमल्शन शटरवर नको. तो मऊ राहतो आणि बोटांचे डाग धरतो. लाकूड आणि धातूसाठी असलेला रंगच घ्या.

चार_इंची

रंगाचा हिशोब. सरासरी शटर अडीच फूट × दीड फूट, म्हणजे पावणेचार चौरस फूट. १८ शटर म्हणजे साधारण ६८. दोन्ही बाजू धरून १३५, कडांसह १५० चौरस फूट. एका लिटरमध्ये एका हाताचे प्रत्यक्षात १०० चौरस फूट धरा. डब्यावरचा आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. म्हणजे प्रायमर दीड लिटर, वरचे दोन हात ३ लिटर.

रंधापटाशी

@चार_इंची, मागची बाजू धरायची गरज नाही. सनमायकाच्या शटरला आतून लायनर लॅमिनेट असतं, एमडीएफलाही मागून सहसा पांढरं लॅमिनेट असतं. ते चांगलं असेल तर तसंच ठेवा. उघड्या एमडीएफची किंवा प्लायची एकच बाजू रंगवली तर दुसरी बाजू दमट हवेत ओलावा घेते आणि शटरला बाक येतो, पण इथे दोन्ही बाजू बंदच आहेत. म्हणजे दर्शनी बाजू आणि कडा मिळून ८० चौरस फूट. प्रायमर १ लिटर, त्यात एमडीएफचा जास्तीचा हात बसेल. वरचा रंग पाण्याचा आहे, फिका आहे, तीन पातळ हात धरा : अडीच लिटर. सगळे डबे एका बॅचचे घ्या आणि बादलीत एकत्र करून मग वापरायला काढा. यंत्रावर बनवलेल्या छटेत डब्या-डब्यात बारीक फरक असतो, तो शेजारी-शेजारी लटकलेल्या शटरांवर दिसतो.

चार_इंची

बरोबर आहे, सुधारणा मान्य. लिटरभर रंग वाचला.

खाडीकिनारी

दाराबद्दल बोळ्याच्या परीक्षेपुढे कुणी लिहिलं नाही, तर मी लिहितो.

दार २००० च्या आधीचं आहे, तेव्हा त्यावरच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मुळीच नाही. वॉटरपेपर, पाणी, खाली प्लास्टिक. गाळ ओला असतानाच पुसून पिशवीत बांधायचा.

रंग घट्ट बसला असेल तर तो पूर्ण काढू नका. २२० ने ओलं घासा, सोलणाऱ्या कडा उतरत्या करा, उघड्या पडलेल्या लाकडालाच प्रायमर, मग दोन हात. पॉलिशवर परत जायचा मोह टाळलेला बरा. सागाच्या रंध्रांत गेलेला तपकिरी रंग रिमूव्हरनेही पूर्ण निघत नाही, आणि पॉलिशखाली ठिपके उठून दिसतात.

उघड्या सागावर एक गोष्ट सांभाळा. सागात, शिसवीत नैसर्गिक द्रव्यं असतात, ती ऑइलच्या रंगाला वाळू देत नाहीत. प्रायमरच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच, तासाभरात, प्रायमर द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत ती पुन्हा वर येतात. कोकणात, गोव्यात वाशांना आणि खिडक्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत आहे. वाळवी लागू नये म्हणून ते चांगलं, पण तशा लाकडावर इनॅमल महिनाभर चिकट राहतो. तिथे आधी लाखेचे दोन हात, मग रंग. पाइनच्या लाकडात गाठी असतील तर त्यांनाही लाखच, नाहीतर राळ रंगातून पिवळी डोकावते.

पॅनेलच्या दाराचा क्रम : आधी पॅनेलभोवतीच्या खाचा, मग पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. प्रत्येक टप्प्याची ओली रेघ पुढच्या टप्प्यात पुसली जाते. दार उतरवून त्याची वरची आणि खालची कड रंगवा. लाकडाचे उघडे तंतू तिथेच असतात आणि पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं. दार फुगून अडकतं याचं मोठं कारण ही न रंगवलेली खालची कड. चौकटीशी २ ते ३ मि.मी. फट ठेवा, आणि ती रंगाचे थर धरून.

पूर्वेची_खिडकी

पावसाळ्याआधी उरकावं की नंतर?

खाडीकिनारी

घाईत उरकण्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दमट हवेत एनसी आणि मेलामाईनवर पांढुरकी झाक येते : थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. पाण्याच्या रंगाला ही झाक येत नाही, पण तो वाळायला दुप्पट वेळ घेतो आणि मऊ राहतो. शिवाय पावसात फुगलेलं दार रंगवलं तर हिवाळ्यात लाकूड आक्रसून पॅनेलच्या कडेला न रंगवलेली पट्टी उघडी पडते.

वॉटरपेपर

दोन हातांमध्ये काय करायचं ते राहिलं. प्रायमरनंतर लांबी, म्हणजे पुट्टी भरणं. हँडलची जुनी भोकं आणि कोपरे यांना लाकडाची पुट्टी, भिंतीची नव्हे. भिंतीची पुट्टी शटर आपटून आपटून भुकटी होऊन पडते. भोक थोडं उंच भरा, कारण वाळताना ती बसते. मग ३२० ने घासून भरलेल्या जागी प्रायमरचा ठिपका, नाहीतर वरच्या रंगात तिथे मॅट डाग दिसतो. रंगाच्या प्रत्येक हातानंतर ४०० ने अगदी हलकं, दाणे जाण्यापुरतं. शेवटच्या हातानंतर घासणं नाही.

पूर्वेची_खिडकी

शेवटचा प्रश्न. शटर काढताना कोणतं कुठलं हे कसं लक्षात ठेवावं? आणि परत कधी लावावीत?

रंधापटाशी

बिजागरीच्या कपाचं ३५ मि.मी. चं गोल भोक असतं ना, त्याच्या तळाशी पेन्सिलीने नंबर लिहा आणि वर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. तिथे रंग जात नाही आणि नंतर बिजागरीखाली नंबर झाकला जातो. शटरच्या पाठीवर चिकटवलेला टेप हाताळताना निघतो. तोच नंबर कपाटाच्या आत. प्रत्येक शटरच्या बिजागऱ्या आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तोच नंबर. बिजागऱ्या धुऊन घ्यायच्या असतील तर रॉकेलने, नंतर कोरड्या पुसा.

पाण्याचा रंग हाताला दोन तासांत कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तीन दिवसांनी लावायला हरकत नाही. त्याआधी लावलं तर शटर चौकटीला चिकटतं आणि पहिल्यांदा उघडताना दोन्हीकडचा रंग ओढून काढतं. लावल्या दिवशीच प्रत्येक शटरच्या आतल्या दोन कोपऱ्यांना सिलिकॉनचे पारदर्शक ठिपके चिकटवा, म्हणजे रंगाला रंग टेकणार नाही. पहिला महिना फक्त ओल्या मऊ फडक्याने पुसा. हळदीचा हात लागला तर लगेच. हिरवा स्क्रबर, सोडा आणि भांड्यांचा लिक्विड महिनाभर लांब ठेवा.